मोटरहोमचे हायड्रॉलिक जॅक आणि जागेवर येऊन केलेली दुरुस्ती

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, २०१२ सालची, फोर्डच्या एफ-५३ चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली, ३३ फूट लांबीची आणि पेट्रोलवर चालणारी आहे. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो. तीन वर्षांपूर्वी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून मे ते ऑक्टोबर या काळात महिन्यातून एकदा तरी ती बाहेर काढतो. मुक्कामाची जमीन क्वचितच सपाट मिळते, म्हणून गाडीच्या चारही कोपऱ्यांजवळ चासीला एकेक हायड्रॉलिक जॅक बसवलेला आहे. बटण दाबले की बॅटरीवर चालणारा पंप तेलाला दाब देतो, त्या त्या जॅकचा व्हॉल्व्ह उघडतो, दांडा खाली उतरून जमिनीला टेकतो आणि गाडी समतल होते. निघताना व्हॉल्व्ह पुन्हा उघडतात आणि जॅकच्या दोन्ही अंगांना लावलेल्या जाड स्प्रिंगा दांडा वर ओढून घेतात.

या वर्षी या यंत्रणेत एकामागून एक तीन बिघाड झाले आणि ते एका फिरत्या तंत्रज्ञाने गाडी उभी होती तिथे येऊन दुरुस्त केले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. सेवेचे किंवा कार्यशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. काम कोणत्या क्रमाने झाले ते नीट सांगितले, तर वाचकाला आपापल्या भागातला माणूस पारखता येईल.

गाडी समतल असण्याला एवढे महत्त्व का, असा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. पलंगावर डोके खाली आणि पाय वर होणे ही त्यातली किरकोळ बाब आहे. खरा प्रश्न फ्रिजचा असतो. आमच्या गाडीतला फ्रिज गॅसवर किंवा विजेवर चालणारा शोषण पद्धतीचा आहे. त्यात काँप्रेसर नसतो आणि अमोनियाचे द्रावण नळ्यांमधून केवळ उतारामुळे वाहत राहते. गाडी कलली की हे द्रावण जागोजागी साचते, खालचा तापणारा भाग कोरडा पडतो आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. अशा फ्रिजच्या उत्पादकांनी दिलेली मर्यादा साधारणपणे आडव्या दिशेने ३ अंश आणि लांबीच्या दिशेने ६ अंश अशी असते. आठ फूट रुंदीच्या गाडीत ३ अंश म्हणजे एका बाजूला पाच इंचांचा फरक झाला. नव्या गाड्यांमध्ये काँप्रेसरचे फ्रिज येऊ लागले आहेत, त्यांना ही काळजी नाही.

पहिला बिघाड मे महिन्यात इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यानातील डूनवुड कॅम्पग्राउंडवर झाला. तिथे जागेवर विजेची जोडणी नाही, त्यामुळे सगळा भार गाडीच्या बॅटऱ्यांवर असतो. बटण दाबल्यावर पंपाची घरघर ऐकू येण्याऐवजी नुसता टकटक आवाज येऊ लागला आणि जॅक जागचे हलले नाहीत. इंजिन चालू करून पुन्हा बटण दाबले तेव्हा पंप फिरला, जॅक उतरले आणि मुक्काम पार पडला. इंजिन चालू असताना काम होते, याचा अर्थ बॅटऱ्या दमल्या आहेत, असा निष्कर्ष मी काढला आणि घरी आल्यावर गाडीच्या राहण्याच्या भागाला वीज पुरवणाऱ्या दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. टकटक थोडी कमी झाली, पण गेली नाही.

जूनमध्ये दुसरी तक्रार सुरू झाली. रात्री समतल केलेली गाडी सकाळी मागच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली असायची. माझी आई तेव्हा चिपळूणहून आली होती. सकाळी न्याहारीला घावने करताना तिने मला हाक मारली आणि म्हणाली, “अरे, पीठ मध्ये घातलं तरी सगळं कडेलाच धावतंय, तुझी गाडी नीट उभी आहे ना?” मी गवंड्याची पाणसळ काढून ओट्यावर ठेवली. बुडबुडा मधल्या रेघेपासून पार सरकलेला होता.

यानंतर गाडी एका मोठ्या विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेली. तिथे ती नऊ दिवस राहिली. तपासणीचे १९० डॉलर घेऊन त्यांनी जो कागद दिला, त्यावर मागचा उजवा जॅक आतून गळतो आहे, पंपाची मोटर कमजोर झाली आहे, आणि एक जॅक बदलायचाच तर जोडीचा दुसराही बदलावा, असे लिहून ४,२०० डॉलरचा अंदाज दिला होता. त्या कागदावर व्होल्टेजचा एकही आकडा नव्हता. जॅक किती तासांत किती बसला, याचीही नोंद नव्हती. त्यांचा अंदाज चुकीचाच होता असे मला त्या वेळी म्हणता आले नसते. पण ज्या निदानामागे एकही मोजमाप नाही, त्यावर एवढी रक्कम लावायला मन धजेना. गाडी परत आणली, आणि जुलैमध्ये पुढचा डावा जॅक पूर्ण वर जाईनासा झाला. दांडा तीन-चार इंच बाहेर राहायचा आणि जॅक खाली असल्याचा भोंगा रस्ताभर वाजत राहायचा. दांडा बाहेर असताना गाडी चालवणे धोक्याचे आहे. रस्त्यावरचा एखादा उंचवटा त्याला लागला तर जॅकच काय, चासीचा तो भागही वाकू शकतो.

शेजारच्या एका मोटरहोमवाल्याने या फिरत्या तंत्रज्ञाचा पत्ता दिला. एल्कहार्ट हे इंडियानातील गाव अमेरिकेतील या धंद्याचे माहेरघर आहे. देशातल्या बहुतेक मोटरहोम आणि ओढगाड्या त्याच परिसरात तयार होतात. हे गृहस्थ तिथल्या एका कारखान्यात काही वर्षे जोडणीचे काम करून नंतर स्वतंत्र झालेले आहेत. आमची गाडी ज्या भाड्याच्या आवारात उभी असते तिथे ते ऑगस्टमधल्या एका शनिवारी आले. नऊची वेळ दिली होती, आले साडेदहाला, आणि उशीर होणार असल्याचा निरोप नव्हता. सेवेत पहिली उणीव ही.

काम मात्र त्यांनी ज्या क्रमाने केले, तो क्रम मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आल्याबरोबर त्यांनी जॅकला हात लावला नाही. आधी चाकांना पाचरी लावल्या, हँडब्रेक ओढलेला आहे आणि किल्ली योग्य ठिकाणी आहे हे पाहिले, कारण हँडब्रेकची सूचना नियंत्रकाला मिळाली नाही तर यंत्रणा चालूच होत नाही आणि अनेकांचा ‘बिघाड’ तेवढाच निघतो. मग सगळे जॅक वर असताना तेलाच्या टाकीचे झाकण उघडून पातळी पाहिली. जॅक खाली असताना पातळी कमीच दिसते, कारण तेल जॅकमध्ये गेलेले असते. त्या वेळी टाकी भरली तर जॅक वर घेताना जास्तीचे तेल टाकीबाहेर सांडते. आमच्या यंत्रणेला लागते ते ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे लाल तेल. काही कंपन्यांच्या यंत्रणांना वेगळे तेल लागते, म्हणून टाकीवरची पट्टी वाचल्याशिवाय काहीही ओतू नये, असे त्यांनी बजावले. थोडे तेल काडीवर घेऊन उजेडात धरले; ते लाल आणि नितळ होते. दुधाळ दिसले असते तर त्यात पाणी शिरले असे समजायचे.

त्यानंतर त्यांनी मल्टिमीटर काढला, आणि मला बटण दाबून धरायला सांगितले. पंप बंद असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. पंप चालू असताना तिथेच ११.७ दाखवत होते. पण त्याच वेळी पंपाच्या मोटरच्या टोकांवर मोजले तर जेमतेम ९.४ व्होल्ट पोहोचत होते. वाटेत २.३ व्होल्ट नाहीसे होत होते. ते कुठे जातात हे शोधण्यासाठी त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे मोटरच्या आवरणावर ठेवले. पंप चालू होताच आकडा १.९ वर गेला. उरलेले ०.४ धन बाजूच्या तारेत आणि सोलेनॉइडमध्ये, म्हणजे पंपाला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचमध्ये होते, आणि तेवढे चालण्यासारखे आहे असे ते म्हणाले.

हे गणित त्यांनी मला समजावून सांगितले, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहितो. असा पंप जोर लावताना १०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत एका ओहमचा केवळ पन्नासावा भाग रोध आला, तरी २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. पंप बंद असताना मोजले तर प्रवाह नसल्यामुळे हा दोष दिसतच नाही, मीटर सगळे ठीक असल्याचे दाखवतो. बटण दाबले की सोलेनॉइड चिकटतो, व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरते, तो पुन्हा चिकटतो, तीच टकटक. इंजिन चालू केल्यावर अल्टरनेटर व्होल्टेज १४ च्या घरात नेतो, त्यामुळे वाटेतली तूट सोसूनही मोटरला पुरेसे मिळते. म्हणजे मी मे महिन्यात पाहिलेले लक्षण बरोबर होते, बॅटऱ्यांचा दोष मात्र नव्हता.

अर्थची, म्हणजे ऋण बाजूची जाड तार चासीला जिथे बोल्टने बसवलेली होती, तिथे ते पाना घेऊन गेले. वरून ती तार अगदी चांगली दिसत होती. काळे आवरण कुठे चिरलेले नव्हते. बोल्ट सैल केला तेव्हा लगखाली, म्हणजे तारेच्या टोकाला लावलेल्या धातूच्या कडीखाली, पांढरट-हिरवी भुकटी निघाली. त्यांनी लग कापून तारेचे टोक माझ्या हातात दिले. आतले तांबे गडद तपकिरी, टोकाशी काळे पडलेले, आणि बोटाने चोळले तर बारीक तारा काडीसारख्या मोडत होत्या. शिकागोच्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ दहा-बारा वर्षे त्या एका सांध्यात मुरत गेले होते. चासीवरचा रंग आणि गंज धातू चकाकेपर्यंत घासून, नवी तार आणि नवा लग लावून त्यांनी पुन्हा मोजले. अर्थच्या बाजूची तूट ०.१ व्होल्टवर आली आणि मोटरपाशी ११.२ व्होल्ट मिळू लागले. कमजोर ठरवलेल्या मोटरचा आवाज त्याच क्षणी बदलला. इतक्या जोरकस आवाजात तो पंप मी गाडी घेतल्यापासून ऐकला नव्हता.

बसणाऱ्या जॅककडे ते यानंतर वळले. चारही जॅकच्या दांड्यांवर, सिलिंडरच्या तोंडाशी, त्यांनी निळ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला आणि सांगितले, की जॅक रात्रभर खाली ठेवा आणि सकाळी पट्टी किती आत गेली ते मोजा. त्याआधी त्यांनी सगळे जॅक वर घेऊन दाब सोडला आणि मागच्या उजव्या जॅकचा व्हॉल्व्ह व मागच्या डाव्या जॅकचा व्हॉल्व्ह यांची अदलाबदल केली. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच क्रमांकाचे आणि एकाच ठोकळ्यात बसवलेले असल्याने हे काम वीस मिनिटांत झाले. यामागचा विचार साधा आहे. तेल जॅकच्या आतल्या सीलमधून जात असेल, तर उजवा कोपराच पुन्हा बसेल; व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, तर दोष व्हॉल्व्हबरोबर डावीकडे जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन मोजले. उजवी पट्टी जवळपास जागेवर होती आणि डावी पाऊण इंच आत गेलेली होती. जॅक निर्दोष होता. बदलायचा होता तो फक्त १६५ डॉलरचा व्हॉल्व्ह.

जवळपास जागेवर असे म्हणतो, कारण पुढच्या दोन्ही जॅकच्या पट्ट्याही किंचित आत गेल्या होत्या आणि मी ते काळजीने कळवले. त्यावर त्यांनी फोनवर जे उत्तर दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेल थंड झाले की आकसते. जॅकमध्ये दहा इंच उंचीचे तेल असेल आणि रात्रीत तापमान २० अंश सेल्सिअसने उतरले, तर दांडा तीन-साडेतीन मिलिमीटर बसतो. चारही कोपरे थोडे थोडे बसले तर ते हवामानाचे काम समजावे, एकच कोपरा बसला तर बिघाड शोधावा.

पुढच्या डाव्या जॅकमध्ये दोन कारणे एकत्र आली होती. दांड्यावर गंजाचे ठिपके आणि वाळलेल्या चिखलाचा थर होता, आणि दोनपैकी एक स्प्रिंग ताणून लांबलेली होती. शेजारच्या जॅकच्या स्प्रिंगशी लावून पाहिली तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. त्यांनी गाडीखाली जाण्यापूर्वी चासीखाली लोखंडी आधार लावले. जॅकच्या भरवशावर उचललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये. हे जॅक गाडी समतल करण्यासाठी आहेत, टायर बदलण्यासाठी किंवा खाली काम करण्यासाठी नाहीत, आणि उत्पादकही हाच इशारा देतात. एखादी नळी फुटली तर कित्येक टन वजन क्षणात खाली येते. विक्रेत्याच्या कार्यशाळेत मात्र मी कामगारांना आधार न लावता खाली वाकताना पाहिले होते, आणि तेव्हा मला बोलायला हवे होते असे आता वाटते.

दांडा त्यांनी कापडाने पुसला, सिलिकॉनचा फवारा मारला, जॅक सात-आठ वेळा खाली-वर केला आणि दर वेळी निघालेला काळा ओघळ पुसून घेतला. ग्रीस लावू दिले नाही, कारण ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच धूळ दांड्याबरोबर आत जाऊन सील खाते. जॅक आठवड्याहून जास्त काळ खाली राहणार असतील तर दर आठवड्याला, आणि समुद्रकिनारी असाल तर दर दोन-तीन दिवसांनी उघड्या दांड्यावर सिलिकॉन मारावे, असे त्यांनी सांगितले. स्प्रिंगांची जोडी मात्र त्यांच्याकडे नव्हती आणि ती यायला अकरा दिवस लागले. व्हॉल्व्ह व स्प्रिंगा दुसऱ्या फेरीत एकदमच बसवल्या.

जाण्यापूर्वी त्यांनी न मागता एक गोष्ट शिकवली. पंप पूर्ण बंद पडला तरी आमच्यासारख्या स्प्रिंगच्या यंत्रणेत जॅक हाताने वर घेता येतात. व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर प्रत्येक जॅकसाठी एक छोटा स्क्रू आहे. तो हळूहळू सैल केला की तेल टाकीकडे परत जाते आणि स्प्रिंग दांडा ओढून घेते. स्क्रू सैल करताना गाडी झटक्यात खाली येते, म्हणून कोणीही गाडीजवळ उभे राहता कामा नये, आणि काम झाल्यावर स्क्रू परत घट्ट करायला विसरू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो जॅक दाबच धरणार नाही. ज्या यंत्रणेत दांडा तेलाच्या दाबानेच वर जातो तिथे हा उपाय पुरत नाही, तिथे पंप ड्रिलने फिरवावा लागतो. चारही स्क्रूंपाशी त्यांनी पांढऱ्या रंगाने १ ते ४ आकडे लिहिले. त्यांच्याखाली मी ‘पु. डा.’, ‘पु. उ.’, ‘मा. डा.’, ‘मा. उ.’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे मी नसताना घरातल्या कोणालाही कळेल.

खर्चाचा हिशेब असा. येण्याचे १४० डॉलर आणि तासाला १५० डॉलर हा त्यांचा दर आहे. पहिल्या दिवशी साडेतीन तास, दुसऱ्या फेरीत दोन तास लागले, आणि दुसऱ्या फेरीचे येण्याचे निम्मेच, म्हणजे ७० डॉलर घेतले. व्हॉल्व्ह, स्प्रिंगांची जोडी, तार व लग मिळून २७० डॉलर झाले. एकूण १,३०५ डॉलर. बिलावर प्रत्येक मोजमाप दुरुस्तीपूर्वी किती आणि नंतर किती, असे लिहून दिले आहे, आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले.

उशिराखेरीज आणखी एक तक्रार नोंदवतो. दुरुस्तीनंतर स्वयंचलित बटणाने गाडी समतल केली तर ती आडव्या दिशेने जरा कललेलीच उभी राहायची. नियंत्रकाला समतलाचा शून्यबिंदू पुन्हा शिकवायला हवा होता आणि ते राहून गेले. मी कळवल्यावर त्यांनी फोनवर पायऱ्या सांगितल्या, आणि मी फ्रीझरच्या तळाशी पाणसळ आडवी-उभी ठेवून, एकेक जॅक हाताने हलवून, बुडबुडा मध्यावर आणून ते काम केले. पाऊण तास गेला. ज्यांना हे स्वतः जमणार नाही त्यांनी तंत्रज्ञ जाण्यापूर्वी स्वयंचलित बटण एकदा दाबून पाहावे आणि पाणसळ ठेवून खात्री करावी.

तेलाची नळी फुटली असेल, सिलिंडर वाकला असेल किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर मोठ्या कार्यशाळेतच जावे लागेल. एकट्या माणसाला ती कामे आवारात उभ्या गाडीवर करता येत नाहीत आणि ते स्वतःही तसे सांगतात. पण पंप टकटकणे, एक कोपरा बसणे, दांडा वर न जाणे, या नेहमीच्या तक्रारींसाठी मी पुन्हा यांनाच बोलावीन.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुन्हा डूनवुडला गेलो. जॅकखाली फळ्या ठेवल्या, इंजिन बंद ठेवूनच बटण दाबले, आणि पंप पहिल्याच वेळी फिरला. रात्री कडाक्याची थंडी होती. सकाळी विजेरी घेऊन खाली वाकून पाहिले तेव्हा चारही निळ्या पट्ट्या सारख्याच, बोटाच्या नखाएवढ्याही नाही इतक्या आत गेल्या होत्या. टाकीतले तेल वसंतात बदलायचे आहे. त्यासाठी त्यांची एप्रिलमधली तारीख घेऊन ठेवली आहे.